डहाणू : निर्बंध आणि निवाडे

२० जून १९९१ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने अधिसूचना काढून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू तालुका ‘पर्यावरणदृष्ट्या नाजूक’ ठरविला, म्हणजेच तेथील जमिनीचा वापर व कारखान्यांची उभारणी विशेष निर्बंधांखाली आणली. प्रदूषणाच्या प्रमाणानुसार उद्योगांचे लाल, नारिंगी व हिरवे असे वर्ग करून लाल वर्गास बंदी घालण्यात आली, उद्योगांना तालुक्यात मिळून जास्तीत जास्त ५०० एकर जमीन ठेवण्यात आली आणि सभोवार २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखण्यात आला. विसंगती अशी की, मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविणाऱ्या ५०० मेगावॅटच्या कोळशावरील केंद्राला याच तालुक्यात, डहाणूच्या खाडीकाठी, दोन वर्षांपूर्वीच मंजुरी मिळालेली होती.

किनारपट्टीवर इराणी व इतर बागायतदारांच्या चिकूवाड्या, खाडीत व समुद्रात मच्छीमारांची उपजीविका आणि पूर्वेच्या डोंगराळ भागात मजुरीसाठी बाहेर पडणारा वारली समाज, अशा तालुक्यात अधिसूचना कागदावरच राहण्याचा धोका होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, तेव्हा कुठे निर्बंधांना विचारणारा कोणी मिळाला. या प्राधिकरणाचे काम दिसते ते वीजकेंद्राच्या धुरात. कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड केवळ २७५ मीटर उंच चिमणीतून दूर उधळून दिला तर तो नाहीसा होत नाही, म्हणून तो चिमणीपूर्वीच शोषून घेणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. येथे त्यासाठी समुद्राचे पाणी वापरले जाते; ते मुळातच किंचित अल्कधर्मी असल्याने धूर त्यातून नेला की वायू पाण्यात उतरतो, आणि या पाण्यात पुढे हवा मिसळून ते परत सोडले जाते. ही यंत्रणा चालू होण्यास २००७ उजाडले. आदेश आणि अंमल यांमधील आठ वर्षांचा खर्च मात्र कोणत्याही ताळेबंदात दाखविलेला नाही.

संरक्षणाचा भार सर्वांवर सारखा पडला, असे म्हणणे मात्र धारिष्ट्याचे ठरेल. वाड्यांना जो निर्बंध आधार वाटला, तोच वर्षातील काही महिने गाव सोडणाऱ्या मजुराला जवळचा कारखाना नाकारणारा होता. पण कारखाना आला असता तर कायम नोकरी त्यालाच मिळाली असती, याचाही पुरावा नाही.

याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये तालुक्याच्या किनाऱ्यावरील वाढवण येथील नियोजित बंदर नाकारले होते. न्या. धर्माधिकारी २०१९ मध्ये निवर्तले. जुलै २०२३ मध्ये, ती अधिसूचना कायम असतानाच, त्याच प्राधिकरणाने या बंदराच्या नव्या आराखड्याला अटींसह संमती दिली. मच्छीमारांचा विरोध चालू असतानाच ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या बंदराची पायाभरणी झाली.