जमिनीचे मोल आणि मालकाचा शब्द

'जमीन सरकारात गेली' हे वाक्य आपल्याकडे किती सहजपणे उच्चारले जाते! पाऊस गेला, पीक गेले, तशी जमीनही गेली. पण पाऊस जातो तो आभाळाच्या मर्जीने. जमीन जाते ती कायद्याच्या कलमाने आणि कुणाच्या तरी सहीने. ती सही होण्यापूर्वी मालकाला कुणी काही विचारले होते काय? या प्रश्नाचा माग काढू लागलो की मी हटकून मुळशीला येऊन थांबतो.

पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत मुळा-निळेचे खोरे आहे. आंबेमोहर पिकविणारी भातखाचरे ही या खोऱ्याची श्रीमंती. तेथे धरण बांधावे, पाणी बोगद्यातून कोकणाकडे सोडावे आणि पायथ्याच्या भिरा येथे वीज करून ती मुंबईला पुरवावी, अशी टाटा कंपनीची योजना होती. योजना वाईट होती असे कोण म्हणेल? मुंबईला वीज हवीच होती. पण त्या पाण्याखाली पन्नासांच्या वर गावे जाणार होती, आणि ज्यांची ती गावे त्या मावळ्यांना कुणी विचारले नव्हते.

विचारण्याची गरजच नव्हती! १८९४ चा भूसंपादनाचा कायदा तसा होता. सार्वजनिक हितासाठी जमीन हवी असे सरकारने एकदा जाहीर केले की ते जाहीर करणे हाच त्या हिताचा निर्णायक पुरावा. कंपनीसाठीही सरकार अशी जमीन घेऊन देऊ शके. मग कलेक्टरची नोटीस यायची. मालकाने आपला हक्क आणि मागणी सांगायची. कलेक्टरने निवाडा द्यायचा. बाजारभाव आणि त्यावर सक्तीच्या खरेदीबद्दल शेकडा १५ रुपये, असा हिशेब होता. निवाडा न पटला तर न्यायालयाचे दार उघडे होते, पण भांडण भावाचे. 'किती?' असे विचारण्याची मुभा होती, 'का?' असे विचारण्याची नव्हती.

मावळ्यांनी नेमका तो 'का?' विचारला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सुमारे बाराशे मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. मोबदला वाढवून द्या, ही त्यांची मागणी नव्हतीच. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. बायामाणसेही कामाच्या जागी येऊन बसली. काम काही काळ थांबले. मात्र पुढे ते पुन्हा सुरू झाले आणि धरपकडही सुरू झाली. पांडुरंग महादेव बापट यांना महाराष्ट्र 'सेनापती' म्हणून ओळखू लागला तो याच लढ्यामुळे. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनीही मुळशीसाठी तुरुंगवास पत्करला.

लढा हरला. त्याचे कारण केवळ सरकारचे बळ नव्हते, आणि येथेच हा इतिहास आपल्याला अवघडून टाकतो. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन कर्जापायी सावकारांच्या नावावर गेलेली होती. कागदावरचे मालक ते, आणि चिखलात उभे राहणारे मावळे. सावकाराला जमीन म्हणजे रक्कम. रक्कम बरी मिळते म्हटल्यावर त्याने मोबदल्याकडे तोंड वळविले. कुळाला जमीन म्हणजे घर, देव, पाणवठा आणि उद्याचा भात. त्याचे मोल कुठल्या वहीत मांडायचे? मालकाचा हक्क म्हणजे केवळ किमतीचा हक्क असे ठरले की, जो जमिनीवर राबतो त्याचा शब्द मुळी ऐकूच येत नाही. भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. मुंबईला वीज मिळाली आणि मावळे पांगले.

तरीही त्याच सुमारास कायद्यात एक छोटी खिडकी उघडली. १९२३ मध्ये मूळ कायद्याला '५ अ' हे कलम जोडण्यात आले: ३० दिवसांत हरकत घ्या, कलेक्टर तुमचे म्हणणे ऐकेल आणि सरकारला अहवाल देईल. हे मुळशीमुळेच झाले असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. मालकाला बोलण्याची सोयच नाही ही उणीव कलकत्त्याच्या एझ्रा खटल्यात आधीच पुढे आली होती. शिवाय अखेरचा शब्द सरकारचाच राहिला, आणि 'तातडी'चे कलम लावले की ही खिडकीही बंद करता येई. पण 'का?' या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात प्रथमच जागा मिळाली.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या राज्यघटनेने मालमत्तेचा हक्क मूलभूत मानला. मग जमीनदारी मोडायची की मालकी जपायची, यावर संसद आणि न्यायालय यांची दीर्घ रस्सीखेच चालली. अखेर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो हक्क मूलभूत हक्कांतून काढून '३०० अ' या अनुच्छेदात ठेवला: कायद्याच्या आधारावाचून कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या ओसरीवरून तो पडवीत आला, पण घराबाहेर गेला नाही.

२०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ज्यांची जमीन जाणार त्यांपैकी ८० टक्के कुटुंबांची आधी संमती हवी, असे त्याने ठरविले. बाधितांत केवळ सातबाऱ्यावरचा मालक नव्हे, तर कूळ आणि शेतमजूरही मोजले. मुळशीच्या मावळ्यांना हवे होते ते हेच नव्हे काय? पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांनी काही प्रकल्पांना या अटींतून सूट दिली, हेही तितकेच खरे. मिळालेला हक्क राखावा लागतो, तो असा.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता महापालिकेच्या एका खटल्यात '३०० अ' या अनुच्छेदाचा अर्थ उलगडून सांगितला. नुसता मोबदला दिला म्हणजे संपादन कायदेशीर ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले, आणि मालकाचे सात हक्क सांगितले. त्यांत पहिला नोटिशीचा, दुसरा म्हणणे ऐकले जाण्याचा, तिसरा सकारण निर्णयाचा. रास्त मोबदला येतो तो पाचवा. हा क्रम वाचून मला मोठे समाधान वाटले. आधी विचारणा, मग मोल!

धरणे, रस्ते, लोहमार्ग यांवाचून देशाचे चालत नाही, आणि कुणाची तरी जमीन त्यात जाणारच. पण नोटीस आली की आपण शहाणी माणसे प्रथम भाव विचारतो. मुळशीच्या मावळ्यांना लिहिता-वाचता फारसे येत नव्हते. तरी भावाच्या आधी कोणता प्रश्न विचारायचा, हे त्यांना ठाऊक होते.