दुसऱ्या फेरीनंतर

२४ ऑक्टोबर १९७६. फुजी स्पीडवेच्या पिटमध्ये तुम्ही उभे आहात, आणि ज्या पर्वताचं नाव या ट्रॅकला आहे तो कुठेच दिसत नाही. ढग इतके खाली उतरलेत की समोरच्या लांबलचक सरळ रस्त्याचं टोकही त्यांत बुडालंय. वळणांवर पाणी साचलंय आणि ट्रॅकवरून ओहोळ आडवे वाहतायत. बूट केव्हाच भिजलेत. पेट्रोलचा आणि ओल्या रबराचा वास नाकात बसलाय.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून शेवट तुम्हाला ठाऊक आहे. इथे तो कुणालाच माहीत नाही. फॉर्म्युला वनच्या या हंगामातली ही अखेरची शर्यत. निकी लाउडा ६८ गुणांवर आहे आणि जेम्स हंट ६५ वर. शर्यत सुरू व्हायची वेळ टळून गेलीय आणि ड्रायव्हर घोळक्याने वाद घालतायत. काहींचं स्पष्ट म्हणणं आहे, या पाण्यात गाडी काढायची नाही. पण टीव्हीचं प्रक्षेपण ठरलेलं आहे आणि काळोखही फार लांब नाही. शेवटी ठरतं, शर्यत होणार.

आता फेरारीच्या पिटकडे बघा. लाल टोपी घातलेला तो सडपातळ माणूस म्हणजे लाउडा. वय २७. नजर चोरू नका, त्यालाही ते आवडत नाही. कपाळावरची कातडी भाजून आवळलीय, उजव्या कानाचा बराचसा भाग उरलेला नाही. १ ऑगस्टला जर्मनीत न्युरबुर्गरिंगवर त्याची गाडी दुसऱ्या फेरीत घसरली आणि पेटली. जवळजवळ २३ किलोमीटरचा तो ट्रॅक. तिथे मदत वेळेत पोचणार नाही, शर्यत नको, असं सांगणाराही तोच होता, पण मतदानात हरला. जळत्या गाडीतून त्याला ओढून काढलं ते मर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि अर्टल या सोबतच्या ड्रायव्हरांनी. फुफ्फुसांत विषारी धूर गेलेला. इस्पितळात पाद्र्याने अंतिम विधीही उरकला. सहा आठवड्यांनी हाच माणूस मोंझाला गाडीत बसला, जखमा ओल्या असताना, आणि चौथा आला.

त्याच्या पापण्या अजून नीट मिटत नाहीत. डोळ्यांतलं पाणी आवरत नाही. आणि आज समोर हा पाऊस.

झेंडा पडतो. आवाज कानांवर नाही, थेट छातीवर आदळतो. पोल पोझिशन मारियो आंद्रेत्तीच्या लोटसची, पण पहिल्या वळणाआधीच हंटची मॅकलारेन पुढे निघते. शहाणपण त्याचंच, कारण फक्त त्याच्यापुढचा रस्ता मोकळा आहे. मागच्या प्रत्येकाला दिसते ती पाण्याची पांढरी भिंत. तुम्ही पिटच्या कठड्याला रेलून गाड्या ओळखायला बघता, पण हाती लागतात फक्त आवाज.

दोन फेऱ्या होतात, आणि लाल गाडी पिटमध्ये वळते.

मेकॅनिक धावतात. त्यांना वाटतं, काहीतरी बिघडलंय. मुख्य अभियंता माउरो फोर्गिएरी कॉकपिटवर वाकतो. दोघांचं बोलणं इंजिनांच्या गदारोळात तुम्हाला ऐकू येत नाही, पण ते पुढे जगजाहीर झालं. इंजिन बिघडलं असं सांगू, असं फोर्गिएरीने सुचवलं. लाउडा नको म्हणाला. गाडी ठीक आहे, थांबायचं मी ठरवलंय, हेच त्याला सांगायचं होतं.

इथे थोडं थांबा, हंटला पुढे जाऊ द्या. तयार सबब हातात दिलेली असताना, विजेतेपद समोर असताना, या माणसाने ती घेतली नाही. इटलीतली वर्तमानपत्रं त्याला भित्रा म्हणतील. मोंझाला तो परतला त्या धैर्याचं कौतुक जगाने केलं आणि ते योग्यच होतं. पण माझ्या मते त्याची खरी छाती दिसली ती इथे, हेल्मेट काढताना. आणि तो एकटा नव्हता. फिटिपाल्डी, पाचे आणि पर्किन्स यांनीही त्या दिवशी आपणहून गाडी थांबवली.

हळूहळू पाऊस सरतो आणि ट्रॅक सुकू लागतो. आता ओल्यासाठी बनवलेले मऊ टायर कोरड्या डांबरावर झिजू लागतात. त्यांना थंड ठेवायला डबक्यांतून गाडी न्यायची असते, पण हंट आपल्याच वेगात चाललाय. लाउडा बाहेर असल्याने त्याला चौथं स्थान पुरे आहे. गुण बरोबरीत आले तरी जास्त विजय त्याचेच. ७३ फेऱ्यांपैकी जेमतेम पाच उरल्या असताना डावीकडचा पुढचा टायर जातो. गाडी फरफटत पिटमध्ये येते, मेकॅनिक तुटून पडतात, चारही टायर बदलले जातात. हंट बाहेर पडतो तेव्हा पाचवा.

पाचवा म्हणजे हरला.

पुढच्या फेऱ्या तो रागाच्या भरात मारतो. समोर ॲलन जोन्स आणि लाउडाचाच सहकारी क्ले रेगाझोनी. दोघांचे टायर संपलेले. हंट एकापाठोपाठ एक दोघांना मागे टाकतो, पण आपण कितव्या जागी आहोत याचा त्याला पत्ताच नाही. आंद्रेत्ती सगळ्यांपेक्षा एक फेरी पुढे राहून जिंकतो. दुसरा पात्रिक दपेये, सहा चाकांच्या टिरेलमध्ये.

गाडीतून उतरताच हंट संघप्रमुख टेडी मेयरवर ओरडत सुटतो. टायर बदलायला वेळेत बोलावलं का नाही? मेयर तीन बोटं दाखवतोय. तिसरा. चार गुण. हंट ६९, लाउडा ६८.

आनंद करायला हंट तयार नाही. अधिकृत निकाल लागेपर्यंत त्याचा कशावरच विश्वास बसत नाही. आणि का बसावा? याच वर्षी स्पेन आणि ब्रँड्स हॅच या दोन्ही ठिकाणी त्याने जिंकलेली शर्यत नंतर कागदावर काढून घेतली गेली. स्पेनची अपिलात परत मिळाली, ब्रँड्स हॅचची कधीच नाही.