घोडेकाठची निरगुडी आणि एक लॅटिन नाव

मंडळी, आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आज आपण एका झुडपाचा इतिहास पाहू. कारेगावच्या शेतकऱ्याला निरगुडीची ओळख करून द्यायला गेलो तर तो हसेल. घोडेच्या काठी, ओढ्यात, ओलीला आपसूक येणारी. हाताच्या बोटांसारखी तीन-पाच पानं, बारीक निळी-जांभळी फुलं, पाला चुरगळला की उग्र वास. जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून बांधाला बरी. सांधा धरला की हाच पाला गरम करून शेकायचा आणि कीड लागू नये म्हणून धान्यातही हाच टाकायचा.

वनस्पतिशास्त्रात तिचं नाव 'व्हायटेक्स निगुंडो'. ते १७५३ मध्ये लिनियसनं दिलं, असं पुस्तकं सांगतात. आम्हाला ते अर्धंच खरं वाटतं. लिनियस हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. मग 'निगुंडो' हा शब्द स्वीडनला पोचला कसा?

त्यासाठी गोव्यात जावं लागतं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये तिथे आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यानं उपचार केले. म्हणजे कारेगावावरून पुढे जाणारा रस्ता ज्या नगरला जातो, तिथल्या दरबारात त्याचा वावर होता. इथल्या वैद्य-हकिमांना विचारून त्यानं औषधींवर संवादरूपात ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात एक प्रकरण 'निगुंडो'चं आहे. आपली निर्गुंडी पोर्तुगीज कानांना तशी ऐकू आली, इतकंच. ग्रंथात हवी ती वनस्पती आणून द्यायला अँतोनिया नावाची दासी आहे. तिचं नाव निदान छापलं तरी गेलं. ज्यांच्या तोंडचे शब्द उचलले त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. (खुद्द ओर्ताचं काय झालं? तो मूळचा ज्यू घराण्यातला. मरणानंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली.)

चार वर्षांत क्लूसियसनं त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि शब्द युरोपभर फिरला. लिनियसच्या हाती तो असा तयारच आला.

गंमत पुढेच आहे. उत्तर अमेरिकेत नदीकाठी एक मेपल वाढतो. त्याची पानं निरगुडीसारखी फुटलेली, म्हणून लिनियसनं त्याच पुस्तकात त्याचंही नाव ठेवलं 'एसर निगुंडो'. तिकडच्या बर्फात उभ्या असलेल्या त्या झाडाला आजही आपल्या ओढ्यातल्या झुडपाच्या नावानं हाक मारतात.