पिंजरा, पट्टा आणि दोर



मराठीचा एक निवृत्त अध्यापक स्मृतिव्याख्यानासाठी लोखंडी शिडीचा विषय निवडतो, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली १८९० मध्ये कलाभवन निघाले आणि यंत्रविद्या देशी भाषांतून शिकवण्याचा प्रयोग झाला, तेथे हा विषय मराठीत मांडताना संकोच का बाळगावा? शिवाय १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली आणि त्यानंतर या परिसरात टाक्या, मनोरे व धुराडी उभी राहिली. त्यांच्या अंगावरच्या शिड्या चढणाऱ्यांत आपल्या माजी विद्यार्थ्यांची घरेही आली.

जिना आणि उभी शिडी यांत एक मूलभूत भेद आहे. जिन्यावर तोल गेला तर माणूस बसतो, कठडा धरतो. भिंतीला कायमची जखडलेली शिडी चढताना मात्र सारा देह हातापायांच्या पकडीवर तोललेला असतो. घामाने हात निसटला, दांडीवरच्या तेलाने पाय घसरला, की पुढचा अवकाश फार थोडा. सहा मीटर पडायला जेमतेम १.१ सेकंद लागतो आणि खाली पोहोचताना वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर झालेला असतो. एवढ्या वेळात दांडी पुन्हा पकडता येईल, ही कल्पना ज्याने सुचवली तो स्वतः कधी पडला नसावा.

या धोक्यावर माणसाने काय उपाय योजले, हे अमेरिकेच्या नियमांतून सर्वांत स्पष्ट वाचता येते. डिसेंबर १९७० मध्ये तेथे कामगारांच्या सुरक्षिततेचा व आरोग्याचा कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याची अंमलबजावणी करणारी संस्था, म्हणजे ओशा, कामाला लागली. शिड्यांचे नियम तिने नव्याने लिहिले नाहीत. १९५६ च्या एका राष्ट्रीय मानकावरून ते घेतले. २० फुटांहून उंच शिडीला भोवताली पिंजरा हवा आणि पिंजरा असला तरी ३० फुटांवर विसाव्याचा मजला हवा, असा तो दंडक होता. पिंजरा म्हणजे उभ्या पट्ट्यांना आडवी कडी जोडून केलेले लोखंडी वेष्टन. ते जमिनीपासून सात-आठ फुटांवर सुरू होई.

पिंजऱ्याचे बलस्थान उघड होते. एकदा बसवला की तो कोणाकडून काही मागत नाही. कामगाराला शिकवावे लागत नाही, साधन रोज तपासावे लागत नाही, आणि तपासनीस आला तर त्याला लांबूनच दिसतो. चढणाऱ्याच्याही पाठीला लोखंडाचा आधार जाणवतो. परंतु पडणाऱ्या देहाला थांबवील असे त्यात काहीही नाही. माणूस त्या नळकांड्यातून सरळ खाली जातो. जाताना कड्यांवर गुडघे, कोपर, डोके आपटते, किंवा एखादा अवयव अडकून तो मधेच लोंबकळतो आणि मग त्याला सोडवणे महाकठीण होते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षितता विभागाने २००४ मध्ये या कड्यांविषयी एक संशोधन अहवाल प्रसिद्ध केला. पडणे खात्रीने रोखण्याचे सामर्थ्य त्यांत नाही, हा त्याचा निष्कर्ष.

आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३२ व्या कलमात उंचीवर काम करणाऱ्याच्या रक्षणाची तरतूद होती, आणि तिच्या शब्दयोजनेत प्रथम कुंपणाचा उल्लेख होता, अन्य उपायांचा नंतर. मला यात एक मनोवृत्ती दिसते. रक्षण म्हणजे भोवताली काही उभारणे, ही कल्पना आपल्या मनात खोल रुजलेली असते. देहालाच बांधून घेणे मागाहून सुचते.

खरा उपाय तोवर अज्ञात होता असे मात्र नव्हे. १९७१ च्याच नियमात मनोरे, पाण्याच्या टाक्या व धुराडी यांच्या शिड्यांवर पिंजऱ्याऐवजी सुरक्षा-साधन चालेल, अशी मुभा होती. त्याची रचना साधी आहे. शिडीच्या मध्यावर वरपासून खालपर्यंत एक पोलादी पट्टी किंवा तार ताणलेली असते. तिच्यावर एक सरकता खटका बसतो आणि तो चढणाऱ्याच्या छातीशी जोडला जातो. माणूस वर गेला की खटका मुकाट्याने वर सरकतो. अचानक खाली ओढ बसली की तो पट्टीला घट्ट चावतो. खटका आणि देह यांतली जोडणी ९ इंचांहून लांब नसावी, असा नियम आहे, कारण दोर जितका ढिला तितका हिसका मोठा. पुढे कमरेचा पट्टाही मागे पडला. कमरेवर बसणारा झटका पोटातील अवयवांना व कण्याला इजा करतो, म्हणून अमेरिकेच्या बांधकाम क्षेत्रात १ जानेवारी १९९८ पासून पडणे रोखण्यासाठी त्याला मनाई झाली आणि खांदे, छाती व मांड्या यांवर भार वाटून देणारा हार्नेस आला.

मग उशीर कशामुळे झाला? खर्च हे एक कारण, पण दुसरेही आहे. जाहिरातींचे उंच फलक लावणाऱ्यांसाठी ओशाने १९९० च्या दशकात एक सवलत मान्य केली होती: कसबी, अनुभवी चढणाऱ्याने दोराविना चढले तरी चालेल. कसब हेच कवच मानले गेले. आपण हसू नये. सूर्याजीने सिंहगडावर परतीचे दोर कापले ही आख्यायिका आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसली आहे. कापलेल्या दोराला आपण शौर्य म्हणतो. लढाईत ते शोभतेही. पण टाकीची पातळी मोजायला निघालेल्या माणसाकडून त्या शौर्याची अपेक्षा करण्याचा अधिकार मालकाला कोणी दिला?

नियमांच्या फेररचनेचा मसुदा ओशाने १९९० मध्ये काढला, तो रखडला. दुसरा २०१० मध्ये आला. अंतिम नियम १८ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. म्हणजे पहिल्या मसुद्यापासून २६ वर्षे. त्यानुसार १९ नोव्हेंबर २०१८ पासून बसवलेल्या, २४ फुटांहून उंच शिडीला सरकत्या खटक्याची व्यवस्था किंवा वैयक्तिक पतनरोधक साधन आवश्यक ठरले. फलकवाल्यांची सवलतही संपुष्टात आणली गेली. जुन्या शिड्यांसाठी या नियमाने १८ नोव्हेंबर २०३६ पर्यंतची मुदत घातली. म्हणजे ज्याला रक्षण म्हणता येत नाही असे ठरले, त्याच पिंजऱ्यांना आणखी वीस वर्षे मिळाली.

पिंजरे उतरवलेच पाहिजेत, असे मात्र तो नियम सांगत नाही. खटक्याच्या हालचालीला अडथळा होत नसेल तर ते जागच्या जागी राहू शकतात. पडण्यापासूनचे रक्षण म्हणून मात्र त्यांची गणना करता येत नाही.