जेंटल जायंट : करामत की गाणे?

सत्तरच्या दशकातील इंग्लिश रॉक संगीताविषयी गप्पा निघाल्या की पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस ही नावे आपोआप येतात. जेंटल जायंट हे नाव मात्र कोणीतरी मुद्दाम काढावे लागते. ते निघाले की ऐकणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एका तटाच्या मते त्या काळात याहून कल्पक बँड झालाच नाही. दुसऱ्या तटाच्या मते ही नुसती बुद्धीची कसरत, हिच्यात जीव नाही. पन्नास वर्षे उलटली तरी हा वाद चालू आहे.

मंडळाच्या श्रवणबैठकीत आम्ही या बँडच्या चार रचना लावल्या, तेव्हा हेच घडले. शास्त्रीय संगीतात मुरलेल्या ज्येष्ठांना तयारी जबरदस्त वाटली, पण गाणे सापडेना. तरुण सभासदांना तीच तयारी म्हणजे गाणे वाटत होते. चहा निवला, वाद निवला नाही. म्हणून या बँडची माहिती आणि वादाचे मुद्दे एकत्र मांडावेत, असे ठरले.

कोण होते हे वादक?

फिल, डेरेक आणि रे शुलमन हे तीन भाऊ. दक्षिण इंग्लंडमधील पोर्ट्समथ या बंदराच्या शहरात ते वाढले. वडील ट्रम्पेट वाजवणारे, त्यामुळे घरात वाद्यांचा राबता होता. साठच्या दशकात या भावांचा 'सायमन डुप्री अँड द बिग साउंड' नावाचा बँड होता. १९६७ च्या अखेरीस त्यांचे 'काइट्स' हे गाणे ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेले. पण ते गाणे त्यांना आपले वाटतच नव्हते. लोकांना तेच हवे होते आणि यांना ते वाजवायचा कंटाळा आला होता. १९६९ मध्ये त्यांनी तो बँड मोडला आणि १९७० मध्ये जेंटल जायंट उभा केला. पुढच्या सगळ्या कथेचे बीज या निर्णयात आहे.

तिघा भावांना केरी मिनीयर येऊन मिळाला. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये तो रचनाशास्त्र शिकला होता. कीबोर्ड, चेलो, व्हायब्राफोन ही त्याची वाद्ये. गिटारवादक गॅरी ग्रीन ब्लूजच्या मुशीतला. रे बास गिटारबरोबर व्हायोलिनही वाजवी. फिल आणि डेरेक सॅक्सोफोन हाताळत. ड्रमवर आधी मार्टिन स्मिथ, मग माल्कम मॉर्टिमोर आणि १९७२ पासून शेवटपर्यंत जॉन वेदर्स. रंगमंचावर हे लोक एकाच कार्यक्रमात वाद्ये बदलत, आणि मध्येच काही जण मिळून लाकडी रेकॉर्डर नावाच्या बासऱ्या घेऊन उभे राहत.

पहिले दोन अल्बम, 'जेंटल जायंट' (१९७०) आणि 'अक्वायरिंग द टेस्ट' (१९७१), टोनी व्हिस्कॉन्टी या निर्मात्याने केले. दुसऱ्या अल्बमच्या वेष्टनावर त्यांनी आपली भूमिकाच छापली. लोकप्रिय संगीताच्या सीमा रुंदावणे हे आमचे ध्येय, त्यापायी लोकांना नकोसे झालो तरी चालेल, असा तिचा आशय होता. नकोसे होण्याची वेळही आली. १९७२ मध्ये अमेरिकेत ब्लॅक सॅबथच्या आधी वाजवताना प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली.

संगीताची घडण

वाद समजण्यासाठी आधी हे संगीत कसे रचलेले आहे ते पाहू. आपल्या कानांना एक सुरावट पुढे आणि बाकी सगळे साथीला, अशी सवय असते. जेंटल जायंटमध्ये चार-पाच सुरावटी एकाच वेळी चालतात आणि प्रत्येक जण आपल्या परीने मुख्यच असतो. कधी उलटे होते. एकच सुरावट फोडून वाटून घेतली जाते : दोन स्वर गिटारचे, पुढचे तीन ऑर्गनचे, शेवटचा बासचा. एकाने क्षणभर उशीर केला की सगळे कोसळेल.

लयीचेही तसेच. दोन वाद्ये वेगवेगळ्या लांबीची आवर्तने घेऊन निघतात, एकमेकांपासून दूर जातात आणि काही फेऱ्यांनंतर एकाच मात्रेवर भेटतात. तबल्याची साथ ऐकलेल्याला ती भेट बरोबर कळते. आमच्या बैठकीत ज्येष्ठांची मान डोलली ती अशाच ठिकाणी.

गायनात त्यांनी युरोपच्या जुन्या बहुस्वरी गायनाची वाट धरली. 'फ्री हँड' (१९७५) या अल्बममधील 'ऑन रिफ्लेक्शन' चार आवाजांच्या फ्यूगने सुरू होते. एक आवाज विषय मांडतो, दुसरा तोच विषय उचलतो तोवर पहिला पुढे गेलेला असतो, मग तिसरा, मग चौथा. विजेच्या गिटारीच्या काळात चार माणसांनी असे गाणे ही मोठी धिटाई होती.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप : हे सगळे दाखवण्यासाठी आहे. सुरावट कानात बसते न बसते तोच ती मोडून दुसरी सुरू होते. श्रोत्याला टेकायला जागा मिळत नाही.

दुसरा आक्षेप आवाजाचा. डेरेकचा आवाज धारदार, जवळजवळ हुकूम सोडणारा. मिनीयरचा आवाज मऊ आणि हळवा, पण प्रत्यक्ष कार्यक्रमात तो पुरेसा पोचत नसे, म्हणून त्याची बरीच गाणी तिथे डेरेक गाई. मिनीयरच्या आवाजावर जीव असलेल्यांना हे आजही रुचत नाही.

तिसरा मतभेद चाहत्यांच्या घरातला. 'ऑक्टोपस' (१९७२) नंतर थोरला भाऊ फिल बँड सोडून गेला. त्याच्याबरोबर बँडमधला विक्षिप्त, साहित्यवेडा अंशही गेला असे काही जण मानतात. राबलेच्या कथांतील पांताग्रुएल आणि पानुर्ज ही पात्रे त्या पहिल्या काळातल्या गाण्यांत येतात. इतरांच्या मते फिल गेल्यावरच बँडला शिस्त आणि वेग आला. 'इन अ ग्लास हाउस' (१९७३), 'द पॉवर अँड द ग्लोरी' (१९७४) आणि 'फ्री हँड' हे सलग तीन अल्बम ते पुराव्यादाखल पुढे करतात.

आमची कसोटी

बैठकीनंतर आम्ही एक साधी कसोटी लावून पाहिली. गाण्यातली गुंतागुंत काढून टाकली तर गाण्याचा अर्थ शिल्लक राहतो का? राहत असेल, तर ती गुंतागुंत वरून चढवलेला दागिना. राहत नसेल, तर तीच गाण्याचे शरीर.

'ऑक्टोपस'मधील 'नॉट्स' घ्या. हे गाणे मानसोपचारतज्ज्ञ आर. डी. लेंग यांच्या १९७० मधील त्याच नावाच्या पुस्तकावरून सुचले. माणसे नात्यांत स्वतःला कशा गाठी मारून घेतात, हा त्या पुस्तकाचा विषय. गाण्यात चार आवाज एकमेकांचे शब्द तोडतात, अडवतात, पुन्हा गुंततात. सरळ चालीत बसवले असते तर गाठ ऐकूच आली नसती.

'इन अ ग्लास हाउस'मधील 'अॅन इनमेट्स ललबाय' ही मनोरुग्णालयात ठेवलेल्या माणसाची अंगाई. इथे आवाजाच्या साथीला व्हायब्राफोनसारखी फक्त आघाताची वाद्ये आहेत. तारांची ऊब नाही, दीर्घ स्वर नाही. पोकळ, टणटणीत नाद त्या खोलीच्या भिंतींसारखा वाटतो.

'द पॉवर अँड द ग्लोरी' ही तर एक सलग कथाच. लोकांचे भले करायला राजकारणात आलेला माणूस सत्ता हाती आल्यावर ज्यांच्याविरुद्ध उभा राहिला होता त्यांच्यासारखाच होतो. 'कॉग्ज इन कॉग्ज'मध्ये राज्ययंत्रणेची चाके एकमेकांत फिरतात आणि संगीतातही आवर्तने तशीच एकमेकांत फिरत राहतात. मध्ये 'अस्पिरेशन्स' हे मिनीयरच्या आवाजातले अगदी शांत गाणे येते. लोक नव्या नेत्याकडे आशेने पाहतात, एवढाच त्याचा भाव. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून ती साधी चाल काळजाला लागते. अल्बमच्या आरंभीची 'प्रोक्लमेशन'ची सुरावट शेवटी 'व्हॅलेडिक्टरी'मध्ये जड, कर्कश होऊन परतते. घोषणा त्याच, माणूस बदललेला. या बँडला भावना नाही असे म्हणणाऱ्यांनी हा अल्बम एका बैठकीत ऐकावा, एवढीच आमची विनंती.

कसोटीला न उतरणाऱ्या रचनाही आहेत. 'द बॉईज इन द बँड' नाणे फिरवल्याच्या आवाजाने सुरू होते आणि पुढे निव्वळ वादनाचा धडाका आहे. तिथे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे, जरी वाजवणाऱ्यांचा आनंद ऐकू येत असला तरी. 'इंटरव्ह्यू' (१९७६) हा अल्बम पत्रकारांच्या ठरावीक प्रश्नांची थट्टा करतो, पण काही ठिकाणी बँड स्वतःचीच ठरावीक युक्ती पुन्हा वापरतो असे आम्हाला वाटले.

शेवटचे तीन अल्बम

सर्वांत कडवा वाद इथे आहे. 'फ्री हँड' अमेरिकेच्या पहिल्या पन्नास अल्बममध्ये पोचला होता, त्यापुढे मात्र मजल गेली नाही. १९७७ मध्ये पंक रॉकची लाट आली आणि लांब, गुंतागुंतीच्या रचना हास्यास्पद ठरू लागल्या. 'द मिसिंग पीस' (१९७७), 'जायंट फॉर अ डे' (१९७८) आणि 'सिव्हिलियन' (१९८०) या अल्बममध्ये जेंटल जायंटने साधी, छोटी गाणी केली. 'द मिसिंग पीस'मधील एका धावत्या गाण्याचे नावच 'बेचा थॉट वी कुडन्ट डू इट' असे आहे. तुम्हाला वाटले ना, आम्हाला हे जमणार नाही, असा त्याचा सूर.

काही श्रोते याला शरणागती म्हणतात. काही म्हणतात, बदलण्याचा हक्क कलावंताला आहे, आणि घर चालवायचे असते. दुसरे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. सभागृह भरेल का, हा प्रश्न कार्यक्रम ठरवताना आम्हालाही पडतो, आणि नेहमीची नाट्यगीते ठेवून आम्हीही अनेकदा सुटका करून घेतली आहे. पण ऐकल्यावर वाटते ते असे : ही गाणी वाईट नाहीत, ती दुसऱ्या कोणीही केली असती. 'नॉट्स' दुसऱ्या कोणी केले नसते. जुना श्रोता दुरावला, नवा आला नाही आणि १९८० मध्येच बँड थांबला. पुन्हा कधी तो पूर्ण संचात एकत्र आला नाही.

पुढे डेरेक ध्वनिमुद्रण कंपन्यांत मोठ्या पदांवर गेला आणि बॉन जोव्हीसारख्या अफाट लोकप्रिय बँडला करारबद्ध करण्यात त्याचा हात होता. रे निर्माता झाला, त्याने आइसलँडच्या शुगरक्यूब्ज आणि इंग्लंडच्या द संडेज यांच्याबरोबर काम केले. २०२३ मध्ये त्याचे निधन झाले. दरम्यान स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने 'द पॉवर अँड द ग्लोरी' आणि 'ऑक्टोपस' या अल्बमचे नव्याने ध्वनिमिश्रण केले. त्यामुळे एकमेकांत मिसळलेल्या सुरावटी आता बऱ्याच सुट्या ऐकू येतात.

कोठून सुरुवात करावी?

आमच्या अनुभवावरून पुढील क्रम सुचवतो. आधी 'ऑक्टोपस'मधील 'थिंक ऑफ मी विथ काइंडनेस'. हे सरळ, हळवे गाणे आहे आणि पहिली भीती घालवते. मग 'थ्री फ्रेंड्स' (१९७२) हा अल्बम. शाळेतले तीन मित्र मोठेपणी कामगार, चित्रकार आणि कचेरीतला साहेब होऊन एकमेकांना दुरावतात, ही त्याची गोष्ट कोणालाही आपली वाटेल. त्यानंतर 'ऑन रिफ्लेक्शन' दोनदा ऐकावे : एकदा 'फ्री हँड'वरचे, एकदा 'प्लेइंग द फूल' (१९७७) या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणातले. कार्यक्रमात त्यांनी क्रम बदलला आहे. आधी वाद्ये विषय मांडतात, मग आवाज येतात. 'द पॉवर अँड द ग्लोरी' शेवटी, आणि सलग.

एक सूचना ज्येष्ठ सभासदांसाठी : पहिल्या ऐकण्यात सगळे पकडण्याचा प्रयत्न करू नये. एकच वाद्य धरावे, शक्यतो रेचे बास गिटार, आणि त्याच्या मागे जावे. बाकीचे हळूहळू येऊन मिळतात. पुढच्या बैठकीत आम्ही 'थ्री फ्रेंड्स' पूर्ण लावणार आहोत. मागच्या वेळी दुसऱ्या गाण्याला उठून गेलेल्यांनीही अवश्य यावे. त्यांचा आक्षेप अजून आमच्याकडून पुरता खोडला गेलेला नाही.