देवमाशांची शिकार (वसई किनारा)

पालघर जिल्ह्यातील वसई, माणिकपूर, पाचूबंदर व किल्लाबंदर या परिसराला समुद्रव्यापाराची आणि जहाजबांधणीची जुनी परंपरा असली, तरी देवमाशांच्या शिकारीचा धंदा येथे उभा राहिला नाही. येथील कोळ्यांची मुख्य मासेमारी डोल जाळ्याची, म्हणजे समुद्रतळाशी बांधून प्रवाहाच्या तोंडाशी उघडे ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची. त्यात बोंबील, करंदी, जवळा सापडतो. शिवाय मुंबईलगतची खंडान्त उथळी, अर्थात भूखंडाचा पाण्याखालील उथळ भाग, फार रुंद असल्याने तेलासाठी विशेष मोलाचा मानला जाणारा शुक्रव्हेल (स्पर्म व्हेल) राहतो ते खोल पाणी किनाऱ्यापासून पुष्कळ दूर पडते.

शिकार झाली ती इतरांकडून. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी शिकारी जहाजे अरबी समुद्रात फिरत होती, हे त्यांच्या रोजनाम्यांवरून चार्ल्स टाउनसेंड यांनी १९३५ मध्ये काढलेल्या नकाशांत दिसते. त्याहून घातक ठरली ती सोव्हिएत मोहीम. ‘स्लावा’ व ‘सोव्हेत्स्काया उक्राइना’ या कारखाना-जहाजांच्या, म्हणजे मारलेला प्राणी समुद्रातच सोलून त्याचे तेल काढणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांनी १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान व वायव्य भारतालगत सुमारे २४० कुबड व्हेल मारले, आणि ही आकडेवारी १९९० नंतरच उघड झाली. हे व्हेल ध्रुवाकडे स्थलांतर न करता वर्षभर अरबी समुद्रातच राहणारे असल्यामुळे, बाहेरून भर पडून त्यांची संख्या सावरण्याची आशा मुळातच थोडी होती.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली भारतात देवमासे संरक्षित असून १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने हिंदी महासागराचा मोठा भाग अभयारण्य ठरवला.

वसईकरांना देवमासा दिसतो तो बहुधा मेलेला. २०२१ मध्ये मर्देस किनाऱ्यावर असा मृतदेह वाहून आला. २०१५ मध्ये रेवदंड्याला जिवंत अडकलेला निळा देवमासा वाचला नाही, तर २०१६ मध्ये जुहूला ब्राइड्स व्हेलचा मृतदेह आला. अशा वेळी नमुने घेऊन मृतदेह यंत्राने खड्डा खणून पुरतात. भरती त्याला पुन्हा ओढून नेऊ नये म्हणून हे काम लगबगीने उरकावे लागते. शुक्रव्हेलच्या आतड्यात माकुळाच्या न पचलेल्या चोचींभोवती साचणारे, अत्तरासाठी वापरले जाणारे अंबर मात्र आजही चोरट्या बाजारात विकले जाते. ते किनाऱ्यावर आपसूक सापडले, तरी जवळ बाळगणे किंवा विकणे भारतात गुन्हा आहे.