नोंदीतला किनारा आणि नोंदीबाहेरची माणसे : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

उत्तर कोकणचा किनारा हा महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात बहुधा वसईच्या मोहिमेपुरता येतो. त्यापुढे पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी ही नावे आढळतात ती एकतर रेल्वेच्या वेळापत्रकात किंवा औद्योगिक अहवालात. वास्तविक या अवघ्या काही कोसांच्या पट्ट्यात राष्ट्रकूटकालीन ताम्रपट, मध्ययुगीन बखर, पोर्तुगीज कोट, पेशवेकालीन पत्रव्यवहार, इंग्रजी गॅझेटियर आणि अणुयुगातील करारमदार अशी लिखित साधनांची सलग मालिका उपलब्ध आहे. प्रदेश बदलत गेला आणि प्रत्येक बदलाने आपापली नोंद मागे ठेवली. मात्र नोंद कोणाची झाली आणि कोणाची झाली नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधात या साधनांच्या आधारे परिसराच्या स्थित्यंतराचा आढावा घेऊन, नोंद असणे व नसणे यांचा माणसांच्या हक्कांवर काय परिणाम झाला याचा विचार केला आहे.

ताम्रपटातील बंदरे

विसाव्या शतकाच्या मध्यास चिंचणी येथे ताम्रपटांचा एक महत्त्वाचा संच उपलब्ध झाला. पुराभिलेखतज्ज्ञ दि. चं. सरकार यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये संपादित केला. त्यातील शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा राष्ट्रकूट नृपती तिसरा इंद्र याचा लेख विशेष लक्षवेधी आहे. संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाणभोवतालच्या प्रदेशाचा, कारभार त्या काळी मधुमती सुगतिप नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे होता. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप होय, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. दुसऱ्या कृष्णाने नेमलेल्या या अरब अधिकाऱ्याने आसपासच्या बंदरांच्या प्रमुखांना जिंकून तेथे आपले अधिकारी बसविले, प्रवाह ओलांडण्यासाठी विनाशुल्क तरींची सोय केली आणि भात, तूप व कालवण मिळेल असे अन्नछत्र चालविले, असे हा लेख सांगतो. एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेसाठी जमीन देण्यास त्याच अधिकाऱ्याच्या कारकीर्दीत अनुमती मिळाली. हिंदू राजा, मुसलमान मंडलाधिपती आणि देवीचा मठ हे तिघे एका ताम्रपटावर निःसंकोच एकत्र आलेले दिसतात.

याच संचातील तिसऱ्या कृष्णाच्या काळातील लेखात जमिनीचा एक तंटा नोंदलेला आहे. भिल्लमालदेवाच्या देवस्थानाची जमीन मठिकेच्या आवारात आल्याने वाद उद्भवला आणि मठिकेने वार्षिक रक्कम द्यावी, अशा तडजोडीने तो मिटला. पुढे इ.स. १०३४ च्या चामुंडराजाच्या दानलेखात देवीच्या दिव्यासाठी तेलघाणा लावून दिल्याचा उल्लेख येतो. चामुंडराज हा शिलाहार छित्तराजाचा मांडलिक होता. या लेखांवरून एक बाब स्पष्ट होते. जमीन, घाणा, तर, भाडे या गोष्टींना धातूवर कोरण्याइतके महत्त्व होते, कारण ज्याची नोंद त्याचा हक्क, हे तत्त्व त्या समाजाला पुरेपूर ठाऊक होते. मात्र ज्यांच्या होड्यांवर ही बंदरे चालत होती त्या दर्यावर्दी कुळांपैकी कोणाचेही नाव या दानांच्या मानकऱ्यांत नाही.

महिकावती ते तारापूरचा कोट

केळवे-माहीम हे बखरीतील महिकावती होय. ‘महिकावतीची बखर’ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांनी लिहिलेली प्रकरणे तीत एकत्र आली आहेत. त्यांपैकी जुना भाग शके १३७०, म्हणजे इ.स. १४४८ च्या सुमाराचा मानला जातो. बिंब राजांच्या हकिकती व कालनिर्देश जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. तरीही कोणते कूळ कोठून आले, कोणत्या गावी बसले, कोणाला कोणता मान मिळाला याविषयीची तिची आस्था हीच तिची खरी ऐतिहासिक किंमत आहे. बखर म्हणजे येथे स्थायिक झालेल्यांचे हक्कपत्रच होते. ज्यांच्याजवळ लेखणी नव्हती त्यांनी आपली स्मृती अन्यत्र जतन केली. वारली समाजात लग्नाच्या वेळी भिंतीवर लिहिला जाणारा पालघट देवीचा चौक हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे चित्र काढले जात नाही, चौक ‘लिहिला’ जातो, हा शब्दप्रयोगही अर्थपूर्ण आहे.

१५३४ च्या तहानंतर वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि पुढे दमणपर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांचे कोट उभे राहिले. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये माहीम, शिरगाव, केळवे व तारापूर ही ठाणी मराठ्यांकडे आली. तारापूरचा लढा त्यांत सर्वांत निकराचा झाला. तटाला सुरुंग लावून हल्ला करावा लागला आणि बाजी भिवराव रेठरेकर हे नामांकित सरदार तेथे पडले. त्यानंतर मे १७३९ मध्ये वसई सर झाली. पुढील काळात तारापूरचा कोट विकाजी मेहेरजी या पारशी सावकार घराण्याकडे इनाम गेला. पोर्तुगिजांनी बांधलेला, मराठ्यांनी जिंकलेला आणि पारशी घराण्याने सांभाळलेला हा कोट या किनाऱ्याच्या मिश्र संस्कृतीची साक्ष देतो.

बंदराकडून स्थानकाकडे

एकोणिसाव्या शतकातील मोठे स्थित्यंतर लढाईने घडले नाही. ते लोहमार्गाने घडले. १८६४ मध्ये मुंबई-बडोदा रेल्वेचा मार्ग या भागातून सुरू झाला. हा मार्ग किनाऱ्यापासून काही मैल आत होता. परिणामी शतकानुशतके समुद्राकडे तोंड करून असलेल्या गावांची पाठ हळूहळू समुद्राकडे वळली. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हा तालुका ‘माहीम’ या नावाने आढळतो. कालांतराने तो ‘पालघर’ झाला. माहीमजवळ बंदर होते, बागाईत होती, पानवेली होत्या. पालघरजवळ स्थानक होते. तारापूर व बोईसर यांच्या बाबतीतही हेच घडले. बंदराचे महत्त्व स्थानकाकडे गेले.

या नव्या केंद्राला राष्ट्रीय चळवळीने वेगळे स्थान मिळवून दिले. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. गावातील पाचबत्तीचा हुतात्मा स्तंभ हे त्यांचे स्मारक. किनाऱ्याच्या व आसपासच्या खेड्यांतील सामान्य माणसांची नावे दगडावर कोरली जाण्याचा हा या परिसरातील फार थोड्या प्रसंगांपैकी एक होय.

अणुशक्ती आणि औद्योगिक वसाहत

१९६३ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात झालेल्या करारानुसार तारापूर अणुविद्युत केंद्राची उभारणी झाली. शीतलीकरणासाठी समुद्राचे मुबलक पाणी आणि महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांना वीज पुरविण्याची सोय ही या स्थळाची जमेची बाजू होती. पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्यान्वित झाल्या आणि जानेवारी १९७० मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते केंद्राचे राष्ट्रार्पण झाले. या केंद्राचा उल्लेख कित्येकदा आशियातील पहिले असा केला जातो. तथापि जपानमधील तोकाई येथील व्यापारी अणुकेंद्र १९६६ मध्येच सुरू झाले होते. म्हणून भारतातील पहिले, असे म्हणणेच यथार्थ ठरते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर व १९७८ च्या अमेरिकी कायद्यानंतर इंधनपुरवठ्याचा प्रश्न निर्माण झाला आणि १९८२ मध्ये फ्रान्सशी त्यासंबंधी व्यवस्था झाली. एका लहान बंदराचे नाव अशा रीतीने जागतिक राजनयाच्या शब्दकोशात गेले.

प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. त्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवावी लागली व त्यांचे पुनर्वसन बोईसर परिसरात करण्यात आले. पुनर्वसनाच्या अटींचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. येथे नोंदीचा प्रश्न अत्यंत तीव्रतेने पुढे येतो. भूसंपादनाचा कायदा सातबाराचा उतारा पाहतो. ज्याचे नाव उताऱ्यावर, त्याला मोबदला. परंतु किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबाची खरी मालमत्ता उताऱ्यावर नसते. होडी ओढण्याची पुळण, मासळी सुकविण्याची मोकळी जागा, डोल लावण्याची ठरलेली ठिकाणे, खाडीत शिंपल्या वेचण्याची वहिवाट, या साऱ्यांची नोंद केवळ गावाच्या तोंडी परंपरेत असते. नव्या ठिकाणी घराला घर मिळू शकते; समुद्राला समुद्र मिळत नाही.

१९७० च्या दशकापासून बोईसरलगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत वाढत गेली. रसायने, औषधे, वस्त्रोद्योग, पोलाद अशा उद्योगांमुळे देशाच्या अनेक भागांतून कामगार येथे आले आणि एक लहान रेल्वे स्थानक बहुभाषिक नगर बनले. रोजगाराची ही संधी नाकारता येणार नाही. मात्र तिची किंमत नाले, खाड्या व मासेमारी यांनी मोजली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे याचिका दाखल केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने उद्योगांवर पर्यावरणीय नुकसानभरपाईची जबाबदारी निश्चित केली. ज्या समाजाला ताम्रपटात किंवा इनामपत्रात स्थान नव्हते, त्याने आपल्या उपजीविकेची नोंद अखेरीस न्यायालयीन कागदपत्रांत करून घेतली, हे या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व होय.

पापलेट, डोल आणि वाढवण

या किनाऱ्याची कथा माणसांपुरती मर्यादित नाही. सातपाटी हे पापलेटचे प्रसिद्ध बंदर. येथील मच्छीमारांच्या सहकारी संस्था व सातपाटी घडणीच्या होड्या यांना भारतीय मत्स्यव्यवसायाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. पापलेटची घटती आवक व लहान पिलांची मासेमारी याविषयी येथील मच्छीमार सातत्याने आवाज उठवीत आले. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरविले. समुद्रातील जीवाची अशी अधिकृत नोंद होणे ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु राज्य मासा ज्या खाडीमुखांच्या व उथळ पाण्याच्या आधारे वाढतो त्यांचे रक्षण झाल्याशिवाय हा बहुमान नाममात्र ठरेल.

चिंचणीच्या उत्तरेस वाढवण येथे बंदर उभारण्याचा प्रश्न याच संदर्भात पाहावा लागतो. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला होता. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने सशर्त मान्यता दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे भूमिपूजन झाले. अकरा शतकांपूर्वी ज्या किनाऱ्यावरील बंदरांच्या प्रमुखांवर सुगतिपाने ताबा मिळविला, तोच किनारा पुन्हा जागतिक व्यापाराच्या नकाशावर येत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा स्वतंत्र पालघर जिल्हा झाल्याने या बदलांचे प्रशासकीय केंद्रही जवळ आले आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी लक्षात येतात. पहिली, हा परिसर ‘मागास होता आणि उद्योगांमुळे पुढे आला’ ही प्रचलित समजूत इतिहासाला धरून नाही. दहाव्या शतकातच येथे बंदरे, अन्नछत्र, मठ व बहुधर्मीय प्रशासन होते. दुसरी, प्रत्येक सत्तेने किनाऱ्याचा उपयोग आपल्या गरजेनुसार ठरविला. स्थानिकांचे मत विचारण्याची प्रथा अलीकडची आहे आणि ती अद्याप पुरती रुजलेली नाही. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, नुकसानभरपाई, पुनर्वसन व न्याय यांचे वाटप नोंदीच्या आधारे होत असल्याने नोंदीचा अभाव हा येथे ज्ञानाचा तसाच हक्काचाही प्रश्न आहे.

म्हणूनच या परिसरातील महाविद्यालयांवर एक विशेष उत्तरदायित्व येते. डोलीच्या ठिकाणांची नावे, खाडीतील खडकांची व पुळणींची स्थानिक नावे, मासळीच्या हंगामाचे ठोकताळे, उठविलेल्या गावांतील विहिरी व देवस्थाने, मांगेला, वैती, माच्छी व वारली समाजांतील वृद्धांच्या आठवणी यांचे पद्धतशीर संकलन भूगोल, इतिहास, प्राणिशास्त्र व मराठी या विभागांनी मिळून करण्याजोगे आहे. असे संकलन प्रकल्प उभे राहिल्यावर करून भागणार नाही. भराव पडल्यानंतर खडकाचे नाव सांगणारा माणूस असला तरी दाखवायला खडक उरत नाही. चिंचणीच्या मठिकेचा जमिनीचा तंटा आज हजार वर्षांनंतरही वाचता येतो, कारण कोणीतरी तो वेळीच कोरून ठेवला. अक्करपट्टी व पोफरणच्या किनाऱ्याचे तसे वर्णन आज विस्थापितांच्या आठवणींतून जुळवावे लागते. वाढवणच्या बाबतीत ते प्रत्यक्ष पाहून लिहिण्याची संधी अद्याप पूर्णपणे हातची गेलेली नाही.